दीपमालेची गादी

माहेनूरने गादीच्या शिवणीत ब्लेड घातलं, चार बोटं पुढे नेलं आणि दोऱ्याचा रंगच बदलला. इथवर तांबडा, मेण लावलेला, अब्बांच्या हातचा दोरा होता. पुढची वीतभर शिवण मात्र साध्या पांढऱ्या दोऱ्याची होती, शाळेत पोरी रुमालाला घालतात तसल्या वेड्यावाकड्या टाक्यांची. गादी मध्येच कोणीतरी उसवली होती आणि पुन्हा शिवली होती.

तिने मान वळवून पाहिलं. तिचे अब्बा खाजा मिया नाकाला फडकं बांधून, पाठमोरे, मशीनच्या तोंडात कापूस ढकलत बसले होते. मशीन चालू असलं की त्यांना हाक मारून उपयोग नसे. औंढा नागनाथला देवळाच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत हे पिंजाऱ्याचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. दिवाळी सरली आणि पहाटे अंग शहारायला लागलं की गाद्या फोडून घेणाऱ्यांची रीघ लागायची. मग बापलेकींच्या भुवया महिनाभर पांढऱ्याच दिसत.

ही गादी काल मसाजीने आणून टाकली होती. मसाजी म्हणजे कोसभरावरच्या वस्तीवरचा मेंढरंवाला, खाजा मियांचा जुना दोस्त. गेल्या साली याच दिवसांत त्याने ती हौसेने करून घेतली होती. पोरगी दीपमाला नांदेडला नर्सिंगला लागली, होस्टेलवर राहणार, तर तिला गादी केवढी जाड पाहिजे हे त्याने दोन्ही हातांनी दाखवलं होतं. यंदा त्याने हात दाखवले नाहीत. फोडा आणि तिच्यातच दोन लहान करा, रविवारी लगीन हाय, आंदणात द्यायच्या, एवढं सांगून पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

दीपमाला श्रावणातच परत आली होती. मागोमाग होस्टेलचा निरोप आला की तुमची मुलगी अकरा वेळा घरी जाते म्हणून बाहेर पडली, सांगूनही ऐकत नाही, सबब नाव कमी केलं आहे. घरी तर ती एकदाच, उन्हाळ्यात आली होती. मग अकरा वेळा गेली कुठं आणि कुणाबरोबर, हे विचारायला सगळं गाव मोकळं होतं आणि उत्तर द्यायलाही. मसाजीने पोरीशी बोलणं टाकलं. डोंगरकडा गावचं एक स्थळ होतं, बायको वारलेली, दोन लेकरं पदरात. मसाजीने ते आठ दिवसांत पक्कं करून टाकलं.

आणि उद्या सकाळच्या बसने माहेनूर त्याच कॉलेजात, त्याच होस्टेलवर निघाली होती.

हे काही सुखासुखी झालं नव्हतं. पुसेगावहून चांगला रिश्ता आलेला असताना पोरीला परगावी कशाला धाडायचं, म्हणून तिच्या आईने, अमीरबीने, महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. मसाजीच्या पोरीचं काय झालं ते दिसत नाही का, हा तिचा हुकमी एक्का. तेव्हा माहेनूर एकदा उसळून म्हणाली होती, मी काय दीपमाला आहे का? त्या एका वाक्याने अब्बा तिच्या बाजूला झुकले होते. त्याबद्दल तिला पुढे दोन रात्री झोप लागली नव्हती, आणि तिसऱ्या रात्री लागली होती.

तिने पांढरे टाके उसवले आणि आत हात घातला. कापसात काहीतरी चुरचुरलं.

गादीत काही सापडणं यात नवल नव्हतं. कानातलं, लेकराचा दुधाचा दात, वाळलेली मोसंबीची साल, काय वाटेल ते निघतं. खाजा मियांचा बापजाद्यापासूनचा रिवाज असा की निघालेली वस्तू फडताळावरच्या जर्मनच्या वाटीत ठेवायची आणि गादीबरोबर ज्याची त्याला द्यायची. फुटकं बटन असलं तरी द्यायचं. ते आपलं नव्हे, आणि ते फेकण्यासारखं आहे का हे ठरवणंही आपलं काम नव्हे, असं ते म्हणत.

हाताला आली ती औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी होती, चौपदरी घडी घालून दोऱ्याने बांधलेली. आत कागदाचे तुकडे होते. माहेनूर दाराच्या उजेडाकडे सरकली.

होस्टेलचे गेट पास होते ते. गेटवर पास मधून फाडतात, अर्धा रखवालदाराकडे राहतो आणि अर्धा मुलीकडे. हे मुलीकडचे अर्धे. तिने मोजले, अकरा होते. प्रत्येकावर दीपमालेचं नाव, तारीख, बाहेर सकाळी दहा, आत संध्याकाळी सहा. कारण, घरी जाणे. सोबत नेणाऱ्याचं नाव मसाजी, नातं वडील. खाली गोल शिक्का आणि शिक्क्याच्या शेजारी, वडिलांची सही असं छापलेल्या जागी, निळ्या शाईची लपेटदार सही. अकराही ठिकाणी तीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून दोन टिंबं दिलेली.

मसाजीकाकांना सही येत नव्हती. गेल्या साली होस्टेलचा फॉर्म याच खोलीत भरला होता. स्टॅम्पपॅड तिनेच शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मागून आणला होता, मसाजीकाकांनी अंगठा उठवला होता आणि शाई पुसायला काही सापडेना म्हणून इथल्याच कापसाला पुसली होती. तो अंगठा होस्टेलच्या ऑफिसात फाइलीला लागलेला असणार. ज्यांच्या फाइलीत बापाचा अंगठा आहे त्यांनीच बापाची सही असलेल्या अकरा पासांवर शिक्का मारला होता.

तिने पहिला पास उलटा केला. मागे पेन्सिलीने दीपमालेच्या अक्षरात एकच ओळ होती. बा आले नव्हते.

दुसऱ्याच्या मागेही तेच. तिसऱ्याच्या मागे, बा आले नव्हते, ऑफिसातल्या सरांनी गाडीत बस म्हणून सांगितलं. पाचव्याच्या मागे, नाही म्हणाले तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आठव्यापासून अक्षर बारीक होत गेलं होतं. अकरावा मागून कोरा होता.

मशीन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की गल्लीतल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. खाजा मियांनी नाकावरचं फडकं खाली ओढलं आणि तिच्या हाताकडे पाहिलं.

"काय निघालं बेटा?"

"कागद हायत अब्बा."

"कसले?"

त्यांना वाचता येत नव्हतं. पिंजायला बसले तेव्हा ते सात वर्षांचे होते. रेशनकार्डापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत घरातलं सगळं माहेनूरच वाचायची, आणि ती वाचेल तेच त्यांच्या लेखी कागदावर असायचं. आजवर तिने एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं. करायची गरजच पडली नव्हती. तिच्यामागे दाराच्या उंबऱ्याशी तिची पेटी उभी होती, नवी कोरी, पत्र्यावर मोर काढलेली. यादीतलं सगळं भरून झालं होतं. पांढऱ्या दोन चादरी, बादलीत मग, मगात साबण, दोन कुलपं. खरं सांगितलं तर ही पेटी आत जाणार होती आणि पुसेगावची माणसं पुन्हा येऊन बैठकीवर बसणार होती. दोन्ही गोष्टी तिला समोर घडत असल्यासारख्या दिसल्या.

"औषधांची नावं हायत," ती म्हणाली. "नर्सिंगच्या अभ्यासाची."

खाजा मियांचा चेहरा उजळला. म्हणजे तुझ्याच कामाची की, म्हणाले. पण दीपमालेला विचारून घे हो, संध्याकाळी येणार आहेत ते न्यायला. आणि पुन्हा फडकं चढवून मशीनकडे वळले. बापाने इतक्या लवकर विश्वास ठेवला याचाच माहेनूरला राग आला. दोन प्रश्न विचारले असते तर ती बोलून गेली असती.

तिने कागद ओढणीत धरले. वाटीत ठेवले नाहीत.

दुपारी जेवायला बसले तेव्हा फोन आला. खाजा मियांच्या मोबाइलचा कान बिघडलेला, त्यामुळे स्पीकर लावूनच बोलावं लागे आणि बोलणं सगळ्या घराला ऐकू यायचं. नांदेडहून होस्टेलच्या ऑफिसातून बोलत होते. आवाज मऊ, शब्द न् शब्द स्वच्छ. उद्या मुलीसोबत कोण येणार, आईवडील काय करतात, घरात आणखी शिकलेलं कोणी आहे का, असं एकेक विचारत गेले. खाजा मिया घास हातात तसाच धरून अदबीने उत्तरं देत होते. मी पिंजारी, साहेब. शिकलेली म्हणाल तर हीच एक.

"सही करता येते का तुम्हाला?"

"न्हाई साहेब. अंगठा."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. काहीतरी लिहून घेत असावेत.

"काही हरकत नाही चाचा. अंगठा एकदाच लागतो. पुढे तुम्हाला तकलीफ द्यायची नाही. इथलं सगळं आम्ही बघून घेतो."

फोन ठेवल्यावर अमीरबी कधी नव्हे ती खुश झाली. एवढ्या मोठ्या ठिकाणचा माणूस किती इज्जतीने बोलला, म्हणाली. महिनाभराचा तिचा हेका त्या एका फोनने मोडला. उठून तिने तांदळाच्या डब्यात लपवलेली तुपाची बरणी काढली आणि पोरीच्या पेटीत घालायला म्हणून पुसून ठेवली. माहेनूर घास पाण्याबरोबर ढकलत होती.

जेवणानंतर ती पेटीशी बसली. कुलूप काढलं, चादरी उचलल्या, तळाला पुस्तकांखाली ती पिशवी सरकवली. जाळायची तिला हिंमत झाली नाही. तिने स्वतःची समजूत घातली, आणि ती घालायला तिला फार वेळ लागला नाही. दीपमालेला माहीत नव्हतं, आपल्याला माहीत आहे. आपण ऑफिसात एकटं जायचं नाही. कुणाच्या गाडीत बसायचं नाही. परीक्षेचं कोणी बोललं तर सरळ पोलिसात जायचं. आधी तिथे पोचू, पाय रोवू, मग दिवाळीच्या सुट्टीत येऊन मसाजीकाकांना सगळं सांगू. दिवाळी पुढच्या वर्षी होती, आणि लग्न रविवारी होतं. तिने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

दिवस कलता मसाजी आला. बरोबर दीपमाला होती.

तिला येताना पाहून अमीरबी चपापली. श्रावणापासून ती पोर औंढ्यात कुणाला दिसली नव्हती. उन्हाने रापलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, पायात बापाच्या जुन्या चपला. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर, पेटीच्या पलीकडे उभी राहिली आणि पेटीवरच्या मोराकडे बघत राहिली. मसाजी बाजेवर टेकला. खाजा मिया गाद्या बांधून आणायला मागच्या खोलीत गेले. अमीरबीने चहा टाकला. लग्नाचं कोणी काढलं नाही. थंडी यंदा लवकर पडली असं मसाजी म्हणाला आणि त्यावर अमीरबीने दोनदा हो म्हटलं.

"उद्याच निघाली व्हय?" दीपमालेने विचारलं.

"व्हय," माहेनूर म्हणाली.

दीपमालेने मोरावरची नजर काढली. मग बापाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, सावकाश विचारलं,

"माझ्या गादीत काही निघालं का?"

माहेनूरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "काईच न्हाई."

"निघाले की बेटा," मागून खाजा मिया म्हणाले. दोन्ही गाद्यांची वळकटी खांद्यावर घेऊन ते आतल्या दारात उभे होते. त्यांच्या आवाजात रागबीग काही नव्हता. पोरगी जायच्या गडबडीत विसरली असं त्यांना वाटलं होतं. "ते औषधाचे कागद. दे तिचे तिला."

"औषधाचे?" दीपमाला म्हणाली.

आता माहेनूरला वर बघावंच लागलं. दीपमालेच्या डोळ्यांत राग असता तर तिला सोसलं असतं. दीपमाला नुसती तिच्याकडे बघत होती, दवाखान्यात पाळी यायची वाट बघत बसलेल्या माणसासारखी. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही.

"मीच बाला म्हनलं, गादी हितंच टाका. निघताना होस्टेलवाल्यांनी माझी बॅग तपासली, गादी न्हाई तपासली. घरी आल्यावर सांगितलं, कागद हायत. तर बा म्हनला, कागदाचं काय, तू लिवनार आन् तूच वाचनार. घरात दुसरं कोन वाचनारं न्हाई. मी वाचलं तर खोटं वाटतं. म्हनून तुज्याकडं धाडली."

मसाजीने मान खाली घातली. ही गोष्ट चारचौघांत निघाली याचा त्याला संताप आला होता, हे त्याच्या गुडघ्यावरच्या मुठीवरून दिसत होतं. चल, म्हणून तो उठलासुद्धा. पण खाजा मियांनी वळकटी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं. ते आपल्या लेकीकडे बघत होते. आज दुपारी तिने काय वाचलं आणि काय सांगितलं, यात काहीतरी अंतर पडलंय एवढं त्यांना उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला.

"कागद कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

माहेनूरने गळ्यातला दोरा ओढला. किल्ली कुलपात घातली आणि झाकण उघडलं. सगळ्यांसमोर तिने चादरी काढल्या, बादली काढली, पुस्तकं काढली. पेटीच्या तळातून पिशवी निघाली तेव्हा अमीरबीने तोंडाला पदर लावला. ती पिशवी तिथे का गेली असेल हे तिला पोरीची आई म्हणून लगेच कळलं.

माहेनूर पिशवी दीपमालेला द्यायला गेली. दीपमालेने हात पुढे केला नाही.

"तूच वाच."

अजूनही औषधांची नावं सांगता आली असती. दोन्ही बापांपैकी एकालाही ओळखता आलं नसतं. क्रोसिन म्हणाली असती तर ते क्रोसिन झालं असतं. माहेनूरला हे अगदी लख्ख कळत होतं, आणि दीपमालेलाही कळत होतं, तरी ती तशीच उभी होती.

माहेनूरने वरचा पास उचलला. घरातल्या रेशनकार्डासारखा, एकेक शब्द सुटा करून ती वाचायला लागली. तारीख वाचली. दीपमालेचं नाव वाचलं. बाहेर दहा, आत सहा. कारण, घरी जाणे.

"सोबत नेणाऱ्याचं नाव, मसाजी. नातं, वडील."

मसाजीने झटकन वर पाहिलं. "मी? मी तर एकदाबी..."

"खाली सही हाय काका."

"कुनाची?"

"तुमची."

मेंढरांची लोकर कातरून आणि काठी धरून चिरा पडलेला उजवा हात मसाजीने मांडीवर उलटा केला आणि त्याच्याकडे बघत बसला.

"मला कुठं सही येती," तो म्हणाला. खाजा मियांना म्हणाला, की पोरीला, की नुसतंच, कळलं नाही. मग त्याने उंबऱ्याबाहेर लेकीकडे पाहिलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

दीपमालेने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचं लक्ष माहेनूरच्या हातातल्या कागदांवर होतं.

"मागंबी वाच," ती म्हणाली. "आजून धा हायत."

माहेनूरने पास उलटा केला. तिच्या पाठीमागे अमीरबी उठली होती. चादरी, बादली, पुस्तकं तिने गोळा करून पेटीत टाकली, झाकण लावलं, आणि पेटी उंबऱ्यापासून ओढत आतल्या खोलीकडे न्यायला लागली. पत्रा फरशीवर घासत गेला, त्याचा आवाज दारातून आत आणि मग भिंतीपलीकडून यायला लागला. माहेनूरने वळून पाहिलं नाही. ती वाचत राहिली.